लांबडं

रात्री नाव घ्यायचं नसतं, आजोळी शिकवलेलं.
साप म्हणू नये, लांबडं म्हणावं,
नाहीतर नुसतं जनावर.
म्हणून तिचं नाव ठेवलं सुतळी,
जे अपरात्रीही घेता येईल.
हाकेला ती कधी वळली नाही, ती गोष्ट वेगळी.

विक्रोळी, चौथा मजला.
टीव्हीच्या जागी काचेची पेटी,
केशरी अंगावर विटकरी ठिपके.

मी डायलिसिसचा टेक्निशियन.
दिवसभर लोकांचं रक्त नळ्यांतून बाहेर काढतो,
धुतो, परत आत सोडतो.
घरी यायचो तर एक नळी
आपणहून मनगटावर चढायची,
माझी ऊब तेवढी घेऊन
निजायची.

नाकाशी बुडबुडा दिसला तो एका मंगळवारी.
मग तोंड उघडं ठेवून श्वास,
बारीक शिट्टी,
फार लांबच्या घरात कुकर लागावा तशी.
डॉक्टर कुटिन्हो म्हणाल्या,
यांचं कामाचं फुप्फुस एकच असतं,
तेच धरलंय.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर
तीनशे बारा,
दोनशे सत्तर,
दोनशे चार.
(काटा बायकोचा. केकचा रवा मोजायची.
जाताना न्यायचा राहिला.)

दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन.
मला बुजलेल्या शिराही सापडतात,
वॉर्डात तसं नाव आहे माझं.
तिच्या खवल्यांखाली सुई सरकवताना
कोपर टेबलाला टेकवावं लागायचं.

कात टाकली की नवं होतं म्हणतात.
तिची निघाली तुकड्यातुकड्यांनी,
कोमट पाण्यात, ओल्या फडक्याने,
आणि डाव्या डोळ्यावरची टोपी राहिलीच.
त्या डोळ्याला शेवटपर्यंत
मी धुरकट दिसलो असणार.

गेली रविवारी.
नक्की कधी, सांगता येत नाही.
डॉक्टर फोनवर म्हणाल्या, घाई करू नका,
यांचं हृदय उशिरा थांबतं,
सकाळपर्यंत असू द्या.
रात्रभर बोट ठेवून बसलो.
जे लागत होतं ते तिचं
की माझ्याच बोटातलं,
इतकी वर्षं नाड्या पाहून
ठरवता आलं नाही.

सोमवारी रजा मागितली.
"घरात कोण गेलं?"
साप समजून भुई धोपटणाऱ्या भाषेत
सापाच्या जाण्याला शब्द कुठला?
मारला, एवढाच.
ताप आहे म्हणालो.

शेजारच्या पाठारेकाकू,
नागपंचमीला पाटावर चंदनाचे नाग काढणाऱ्या,
त्या दिवशी विळी न धरणाऱ्या,
पेटी आल्यापासून
आमच्या दारावरून जाताना पदर आवरून जायच्या.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या,
"सुतक असतं का हो याचं?"
थट्टा नव्हती.
मी म्हणालो, मला माहीत नाही.
"मलाही नाही," म्हणाल्या,
आणि पिठलं-भाताचं ताट झाकून
चपलांच्या स्टँडवर ठेवून गेल्या.

खड्डा वॉचमनने खणला, बाबल परबने.
पहिल्या दिवशी मला बजावणारा हाच,
काठी जवळ ठेवणार म्हणून.
पंपाच्या खोलीमागे, रात्री एकला,
सेक्रेटरीला न विचारता.
"लांबड्याक खोल पुरूक व्हया,
नायतर कुत्रे उकरतत."
आणि त्याच काठीने
खोली मोजली, दोनदा.
उशीच्या अभ्र्यातून किती हलकी लागली ती.
त्याने टोपी काढली.
माझ्याकडे टोपी नव्हती.

फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमच्या डब्यात,
चार उंदीर अजून आहेत.
फेकवत नाहीत.
विचारणार तरी कोणाला, हवेत का?

पेटीखालचा हीटर बंद केलेला नाही.
तीस अंश.
दोनला जाग येते, पाणी पितो,
मनगट काचेला लावून
जरा वेळ उभा राहतो.
लाइटचं बिल आलं की बघू.